काइली: गुइझोऊच्या डोंगरांतील शांत शहरात आठवडाभर मुक्काम कसा करावा

चीनला जाणारे मराठी प्रवासी बहुधा बीजिंग, शीआन आणि शांघाय या ठरलेल्या वाटेने जाऊन येतात. ज्यांना दुसऱ्यांदा जायचे आहे, किंवा पहिल्यांदाच पण गर्दीपासून दूर राहून एखादा प्रदेश नीट समजून घ्यायचा आहे, त्यांनी नैऋत्येकडील गुइझोऊ प्रांतातील काइली या शहराचा विचार करावा. मियाओ आणि डोंग या दोन जनसमूहांच्या नावाने १९५६ साली स्थापन झालेल्या छिएनदोंगनान या स्वायत्त विभागाचे ते मुख्य ठिकाण आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंचीवर, डोंगरांच्या खोबणीत वसलेल्या या शहरातले रस्तेही चढउताराचे आहेत. गुइझोऊबद्दल चिनी भाषेत एक जुनी म्हण आहे: ‘सलग तीन दिवस ऊन नाही, सलग तीन ली (साधारण दीड किलोमीटर) सपाट जमीन नाही, आणि माणसाच्या गाठीला तीन कवड्यांची चांदी नाही.’ यातला तिसरा भाग आता मागे पडला आहे. पहिले दोन आजही खरे आहेत आणि प्रवासाची तयारी त्यांच्याच हिशोबाने करावी लागते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. काइली शहरात डोळे दिपवणारे स्मारक नाही. तिथे इमारती, बाजार, बसस्थानक, दवाखाने आणि खानावळी आहेत. ‘काय पाहायचे’ याची यादी घेऊन जाणारा माणूस दुसऱ्या दिवशी कंटाळेल. हे मुक्कामाचे शहर आहे. सकाळी बसने किंवा गाडीने एखाद्या खेड्यात जावे, संध्याकाळी परत यावे, गरम आंबट रस्सा प्यावा आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या दिशेला निघावे, असा इथला क्रम आहे. त्यासाठी किमान पाच रात्री हाताशी ठेवाव्यात. दोन रात्रींत उरकण्याचा बेत असेल, तर मी हा प्रवास सुचवणार नाही.

कधी जावे

एप्रिलचा मध्य ते मे महिन्याचा मध्य आणि ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबरची अखेर हे दोन काळ सर्वांत सोयीचे आहेत. पहिल्या काळात खाचरांत पाणी भरू लागते आणि डोंगर हिरवे होतात. दुसऱ्याच्या सुरुवातीला भाताची कापणी उरकत आलेली असते आणि घरांच्या सज्ज्यांत मक्याची कणसे व मिरच्या वाळत घातलेल्या दिसतात. जून आणि जुलै हे मुख्य पावसाचे महिने आहेत. आपल्याला सह्याद्रीतल्या पावसाची सवय असते, म्हणून तिथल्या पावसाकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो, तो टाळावा. जून २०२५ मध्ये याच विभागातील रोंगजियांग या नदीकाठच्या गावात मोठा पूर आला होता, आणि या दिवसांत घाटरस्त्यांवर दरडी कोसळतात. हिवाळ्यात तापमान पाच अंशांच्या आसपास असते. आकडा फार भीतिदायक वाटत नाही, पण हवा ओली असते, लाकडी घरांत फटींतून वारा येतो आणि दक्षिण चीनमध्ये उत्तरेसारखी घरे तापवण्याची मध्यवर्ती व्यवस्था नसते. त्या काळात जायचे असेल तर खोली गरम करण्याची सोय आहे का, हे विचारूनच खोली घ्यावी.

१ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा, मे महिन्याचे पहिले पाच दिवस आणि चिनी नववर्षाच्या आधीचे व नंतरचे दिवस प्रवासासाठी वाईट समजावेत. सारा देश एकाच वेळी हललेला असतो आणि रेल्वेची तिकिटे हाती लागत नाहीत.

सणाच्या वेळी जायचे असेल, तर आपल्याला एक सोय आहे. चिनी चांद्र महिनासुद्धा आपल्या अमान्त महिन्याप्रमाणेच अमावास्येच्या सुमारास बदलतो, त्यामुळे तिथली पंधरावी तिथी म्हणजे आपली पौर्णिमाच असते. ताइजियांग तालुक्यातील शिदोंग येथे तिसऱ्या चांद्र महिन्याच्या पंधराव्या तिथीला भगिनीभोजनाचा सण असतो. तो आपल्याकडच्या हनुमान जयंतीच्या किंवा, अधिक मास आडवा आला तर, बुद्धपौर्णिमेच्या आसपास येतो. तरुण मुली वनस्पतींच्या रसाने रंगवलेला चिकट भात शिजवून तरुणांना देतात आणि भातात लपवलेल्या वस्तूंवरून त्या तरुणाला आपले उत्तर कळते. त्याच शिदोंगच्या परिसरात, छिंगशुई नदीवर, पाचव्या महिन्याच्या वद्य पक्षात ओंडके कोरून केलेल्या लांब होड्यांच्या शर्यती होतात. मात्र तो पावसाचा काळ असतो. मियाओ नववर्ष बहुधा दहाव्या महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास येते, आणि त्याचा दिवस गावागावानुसार बदलतो. काइलीजवळच्या झोऊशी गावात चिनी नववर्षाच्या पहिल्या पौर्णिमेनंतर लुशंग या बांबूच्या वाद्याची मोठी जत्रा भरते. ती पाहण्यासारखी आहे, पण तोवर सुट्टीवरून परतणाऱ्यांची गर्दी ओसरलेली नसते, म्हणून तिकिटांची काळजी आधी घ्यावी.

कागदपत्रे आणि व्हिसा

चीनने ५५ देशांच्या नागरिकांना २४० तास व्हिसाविना थांबण्याची सवलत दिली आहे. परदेशी प्रवाशांच्या लिखाणात तिचा उल्लेख सतत येतो, पण भारतीय पासपोर्टवर ती मिळत नाही. आपल्याला ‘एल’ प्रकारचा पर्यटन व्हिसा घ्यावाच लागतो. अर्ज ऑनलाइन भरून आवश्यक कागदांसह व्हिसा केंद्रात द्यावा लागतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असावी आणि कोरी पाने असावीत. सोबत विमानाचे आरक्षण, हॉटेलचे आरक्षण, दिवसवार कार्यक्रम आणि बँकेचे उतारे जोडावेत. दिवसवार कार्यक्रमात काइलीचे नाव बघून कुणी कारण विचारलेच, तर तिथल्या हस्तकला पाहायच्या आहेत असे सरळ सांगावे. तारखा, शहरे आणि आरक्षणे यांचा परस्परांशी मेळ बसणे सर्वांत महत्त्वाचे आहे. अर्ज अडतात ते बहुधा याच ठिकाणी. नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात केंद्राच्या संकेतस्थळावरील यादी पुन्हा वाचावी. आगमनपत्रही आता प्रवासाआधी ऑनलाइन भरता येते. ते भरून ठेवले म्हणजे विमानतळावरचा वेळ वाचतो.

पैसे, फोन आणि नकाशा

हे तिन्ही काम घरी बसून, निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी करावे. मोठ्या पर्यटनस्थळी तयारीतली चूक कुणीतरी इंग्रजी जाणणारा सावरून घेतो. काइलीत तशी माणसे क्वचितच भेटतात.

भाजीवालीपासून टॅक्सीपर्यंत सगळे व्यवहार क्यूआर कोडने होतात, हे आपल्याला नवे नाही. मात्र तिथे आपले यूपीआय चालेल या भरवशावर राहू नये. अलीपे आणि वीचॅट या दोन्ही चिनी अ‍ॅपमध्ये आपले व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते. नोंदणीसाठी पासपोर्टचा फोटो द्यावा लागतो. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर परदेशी कार्डाला जादा शुल्क लागत नाही, त्यावरच्या व्यवहारावर ३ टक्के लागते. म्हणून खोलीचे भाडे रोज वेगळे देणे कधीकधी स्वस्त पडते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावेत आणि बँकेचा ओटीपी परदेशात मिळेल अशी व्यवस्था करावी. दोन वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे जोडावीत. शिवाय लहान नोटांत हजारभर युआन रोख ठेवावेत. दूरच्या गावातील आजीबाईकडून भरतकाम घ्यायचे असेल तर रोख रकमेने सगळे सोपे होते.

चीनमधील इंटरनेटवर गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालत नाहीत. भारतीय सिमकार्डाचे रोमिंग किंवा चीनबाहेरच्या कंपनीचे ई-सिम घेतले, तर डेटा त्या बाहेरच्या जाळ्यातून जातो आणि हे सगळे चालू राहते. हॉटेलचे वायफाय जोडले की पुन्हा बंद पडते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे ते काळजी करणार नाहीत. नकाशासाठी अमॅप हे चिनी अ‍ॅप घ्यावे, कारण चीनच्या आतील डोंगराळ रस्ते आणि बसथांबे तिथेच बरोबर सापडतात. भाषांतराचे अ‍ॅप चिनी भाषेच्या ऑफलाइन संचासह उतरवून ठेवावे. प्रत्येक गावाचे आणि मुक्कामाचे नाव चिनी लिपीत फोनमध्ये साठवावे. रोमन अक्षरांतील नाव टॅक्सीचालकाला दाखवून उपयोग होत नाही.

इथे मराठी माणसाला एक अनपेक्षित फायदा आहे. चिनी भाषेत क-ख, त-थ, प-फ अशा जोड्यांतला फरक श्वासाच्या जोराचा आहे, आणि तो आपल्या कानाला उपजत कळतो. रोमन लिपीतील ‘के’ म्हणजे ‘ख’ आणि ‘जी’ म्हणजे बहुतांशी ‘क’. म्हणून नकाशावरचे काइली बोलताना ‘खाइली’ म्हणावे आणि प्रांताची राजधानी गुइयांग हिला ‘क्वेइयांग’ म्हणावे; समोरच्याला लगेच कळते. सूर चुकले तरी चालतील.

पोहोचणे

२०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता ते दक्षिण चीनमधील क्वांगचौ (ग्वांगझोऊ) या मार्गाने पुन्हा सुरू झाली आणि मग दिल्लीहूनही उड्डाणे निघू लागली. मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना देशात एकदा विमान बदलून किंवा हाँगकाँग, बँकॉक यांसारख्या शहरांतून क्वांगचौ गाठता येते. क्वांगचौला एक रात्र थांबावे. तिथून गुइयांगपर्यंतचा ८५७ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. हा प्रवास साधारण पाच तासांचा आहे आणि बोगद्यामागून बोगदे, मध्ये क्षणभर दिसणारी दरी, पुन्हा बोगदा, असा तो चालतो. गुइयांगहून काइली दक्षिण स्थानक पाऊण तासाच्या आत येते. गुइयांगमध्ये एकाहून अधिक मोठी स्थानके आहेत, म्हणून उतरण्याचे आणि पुढची गाडी पकडण्याचे स्थानक एकच आहे ना, हे तिकीट काढतानाच पाहावे. काइलीतही दोन स्थानके आहेत: शहरातले जुने आणि वेगवान गाड्यांचे, शहराबाहेर दक्षिणेला असलेले. परतीच्या दिवशी टॅक्सीला चुकीचे स्थानक सांगितले तर गाडी हुकते.

तिकिटे १५ दिवस आधी खुली होतात. ती रेल्वेच्या १२३०६ या अधिकृत सेवेवर किंवा ट्रिप डॉट कॉमवर काढता येतात. नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे. कागदी तिकीट नसते. पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकाने पासपोर्ट वाचला नाही, तर बाजूच्या मानवी फाटकावर तो दाखवावा. स्थानकात शिरताना सामानाची तपासणी होते, तेव्हा फळे कापायची सुरी घरी ठेवावी. देशांतर्गत विमानाने जायचे असेल, तर जून २०२५ पासून ‘३सी’ ही चिनी प्रमाणखूण नसलेली पॉवर बँक विमानात नेऊ देत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडच्या बहुतेक पॉवर बँकांवर ती खूण नसते.

मुक्काम

परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत पोलिसांकडे होणे कायद्याने आवश्यक आहे. हॉटेलात उतरल्यास ते काम हॉटेलच करते. परदेशी लोकांना ठेवून घेण्याची पात्रता नाही असे कारण देऊन हॉटेलांनी नकार देऊ नये, अशी सूचना २०२४ साली सरकारने दिली आहे. तरीही छोट्या ठिकाणी नोंद कशी करायची हे कर्मचाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून आरक्षणानंतर अ‍ॅपमधूनच चिनी भाषेत एक निरोप पाठवावा: आम्ही भारतीय पासपोर्टधारक आहोत, आपण आमची नोंद करू शकाल ना? उत्तर होकारार्थी आले की ते जपून ठेवावे. गावात कुणाच्या घरी राहायचे झाले, तर यजमानासोबत जवळच्या पोलीस चौकीत जाऊन ही नोंद स्वतः करावी. ही औपचारिकता चुकवू नये, कारण तिचा त्रास पाहुण्यापेक्षा यजमानाला अधिक होतो. अडचण आलीच तर १२३६७ हा राष्ट्रीय आप्रवासन विभागाचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे इंग्रजीत बोलता येते. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी १२० हे क्रमांक आहेत.

शहरात राहताना दाशिझी या मध्यवर्ती चौकाच्या पायी जाण्याच्या अंतरात खोली घ्यावी. खाणे, बाजार आणि दागेशान टेकडीवरची बाग, जिथे सकाळी म्हातारी माणसे व्यायामाला आणि गप्पांना जमतात, हे सर्व जवळ पडते.

खाणे: आंबट, तिखट आणि शाकाहाराचा प्रश्न

या भागात म्हणतात की तीन दिवस आंबट खाल्ले नाही, तर चालताना पाय लटपटतात. इथला आंबटपणा व्हिनेगरचा नसून आंबवण्याचा आहे. पांढरा आंबट रस्सा तांदळाचे धुवण आंबवून करतात. लाल रस्सा लहान रानटी टोमॅटो आणि मिरच्या बरणीत आंबवून. त्यात मुजियांगझी नावाची, लिंबाच्या सालीसारखा तीव्र वास असलेली डोंगरी फळे घालतात, आणि या रश्शात नदीतला मासा शिजवला की काइलीचे सर्वांत प्रसिद्ध पक्वान्न तयार होते. मासे खाणाऱ्या कोकणी-गोमंतकीय माणसाला हा रस्सा पहिल्याच घोटाला आपला वाटेल. सोबत प्रत्येकाला मिरचीचे वेगळे तोंडीलावणे देतात. त्यात झअर्गन नावाच्या मुळाचे तुकडे असतात. त्याला कच्च्या माशासारखा उग्र वास येतो, पण ती निव्वळ वनस्पती आहे. नको असल्यास आधी सांगावे.

शाकाहारी माणसाचे इथे हाल होत नाहीत, पण त्याने सावध राहिले पाहिजे. अडचण मांसाच्या तुकड्यांपेक्षा चरबीची आणि रश्शाची असते. भाज्या डुकराच्या चरबीत परततात, टोफूवर मांसाचा खिमा भुरभुरतात आणि आंबट रश्शात हाडांचा अर्क मिसळतात. काही आंबवणांत मासळीही असते. ‘वो छ सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे म्हटले तर मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा पुढे येऊ शकतो. म्हणून चिनी लिपीत एक चिठ्ठी तयार करावी आणि तिच्यात लहान लहान वाक्ये लिहावीत: मांस नको, मासे नकोत, डुकराची चरबी नको, हाडांचा रस्सा नको, तेल वनस्पतीचे चालेल, अंडे चालते किंवा चालत नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही स्वतंत्र वाक्यात लिहावे. ही चिठ्ठी गुइयांगच्या हॉटेलातील कर्मचाऱ्याकडून एकदा वाचून घ्यावी. गोमांस टाळणाऱ्यांनी ‘निऊरौ’ हा शब्द ओळखावा. विशेषतः रोंगजियांग आणि त्सोंगजियांगकडे ‘निऊब्ये’ हा गाईच्या पोटातील अर्धपचित गवताच्या रसाचा पदार्थ मानाच्या पाहुण्याला वाढतात, तेव्हा नकार द्यायचा असेल तर तो ताटात येण्याआधी, हात जोडून, स्पष्टपणे द्यावा.

भरवशाचे पदार्थ म्हणजे वाफवलेला चिकट भात, टोमॅटो-अंडे, परतलेल्या पालेभाज्या, बटाट्याचे काप आणि गुइयांगची ‘सीवावा’. शेवटच्या पदार्थात कागदासारख्या पातळ पोळ्या आणि दहा-पंधरा वाट्यांत बारीक चिरलेल्या भाज्या येतात. आपण पोळीत भाज्या गुंडाळायच्या आणि आंबट-तिखट पाणी ओतून खायचे. घरून मेतकूट, चटणी आणि दशम्या नेल्या तर त्या खेड्यांतील दुपारी उपयोगी पडतात. उकळते पाणी मात्र स्थानकावर, गाडीत, हॉटेलात सर्वत्र फुकट मिळते, त्यामुळे झाकणाचा थर्मास न्यावा.

गावच्या वेशीवर पाहुण्याला शिंगातून तांदळाची दारू पाजण्याची पद्धत आहे. शिंगाला हात लावला तर ते सगळे प्यावे लागते, असा संकेत आहे. म्हणून हात मागे ठेवून ओठ टेकवावेत, किंवा पीत नसल्यास छातीवर हात ठेवून मान लववावी; कुणी राग मानत नाही.

दिवसांचा क्रम

पहिला दिवस शहरात घालवावा आणि विभागाच्या वस्तुसंग्रहालयात जावे. चीनमधील अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, तो वार टाळावा. तिथले पोशाख पाहताना एक कथा माहीत असावी. मियाओ परंपरेनुसार मेपलच्या झाडातून फुलपाखरू-माता जन्मली, तिने बारा अंडी घातली आणि त्यांतील एकातून पहिला माणूस निघाला. पुढे खेड्यांत बायकांच्या बाह्यांवर आणि पाठीवर जे फुलपाखरू सतत दिसते, ते हीच माता आहे. हे आधी कळले की पुढच्या चार दिवसांत भरतकाम नुसते पाहणे न राहता वाचणे होते.

दुसरा दिवस लांगदेच्या वरच्या वाडीसाठी ठेवावा. काइलीहून लेइशानला जाणाऱ्या बसने रस्त्यावर उतरून चढ चालून जाता येते. खांबांवर उभी लाकडी घरे, पूल, आणि मधोमध नदीतल्या गोट्यांनी बांधलेले लुशंगचे पटांगण; त्या गोट्यांची मांडणी कांस्यनगाऱ्यावरच्या सूर्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकातील मियाओ उठावाचा एक सेनानी यांग दालिउ याच गावचा. या गावाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पाहुण्यांसाठी नाच-गाणे झाले की त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही, गुण मिळतात आणि उत्पन्न त्या गुणांच्या हिशोबाने गावात वाटले जाते. बाहेरच्या कंपनीला गाव चालवायला देण्याऐवजी गावाने स्वतः काढलेला हा मार्ग आहे, आणि म्हणून जो काही पैसा खर्च करायचा तो अशा ठिकाणी करावा.

शीजियांग हे हजाराहून अधिक घरांचे प्रसिद्ध मियाओ गाव त्याच दिशेला आहे. तिथे प्रवेशशुल्क आहे, दुकानांच्या रांगा आहेत आणि सुट्टीच्या दिवशी चालणे कठीण होते. समोरच्या टेकडीवरून दिसणारा घरांचा उतार खरोखर भव्य आहे, हे मान्य करूनही मी ते वेळ उरल्यासच पाहावे असे म्हणेन.

तिसऱ्या दिवशी दानझाई तालुक्यातील शिछ्याओला जावे. तिथे कागदी तुतीच्या सालीपासून हाताने कागद करतात: साल भिजवणे, चुन्यात शिजवणे, कुटणे, लगद्याच्या हौदात चाळणी बुडवून पातळ थर उचलणे, आणि भिंतीवर वाळवणे. कागद हलका असतो आणि गुंडाळी करून सहज आणता येतो. चौथ्या दिवशी माथांग या जवळच्या गावात मेणकाम पाहावे. तिथले गेजिया लोक स्वतःला मियाओंपासून वेगळे मानतात, हे ध्यानात ठेवून बोलावे. वितळलेले मेण तांब्याच्या छोट्या पात्याने कापडावर ओढतात, कापड निळीच्या पिंपात बुडवतात आणि मग उकळून मेण काढतात.

पाचवा दिवस बाजाराला द्यावा, आणि खरे तर बाजाराचा दिवस आधी विचारून बाकीचे दिवस त्याभोवती रचावेत. या डोंगरांत आपल्या आठवडी बाजारासारखी ‘कानछांग’ची पद्धत आहे: एकेका गावाचा बाजार ठरलेल्या दिवसांच्या फेऱ्याने भरतो. हा फेरा कित्येकदा आपल्या सात वारांशी जुळत नाही, म्हणून हॉटेलात तारीखच विचारावी. शिदोंगचा बाजार भरतकामासाठी नावाजलेला आहे. सकाळी लवकर पोहोचावे. दुपारनंतर लांबून आलेल्या बायका परतीच्या वाटेला लागतात.

ज्यांच्याकडे आणखी दोन दिवस आहेत, त्यांनी लिपिंग तालुक्यातील झाओशिंग या डोंग गावी जावे. क्वांगचौ-गुइयांग मार्गावरील त्सोंगजियांग स्थानक तिथून जवळ आहे, त्यामुळे ते परतीच्या वाटेवरच घेता येते. गावात पाच नगारा-मनोरे आहेत, खिळ्यांविना लाकडाच्या सांध्यांवर उभे. डोंगांचे बहुस्वरी समूहगान २००९ साली युनेस्कोच्या यादीत गेले; संध्याकाळी मनोऱ्याखाली ते ऐकताना पुढाकार घेणारा वाद्यमेळ नसतो, केवळ गळे असतात.

खेड्यांत जाण्यासाठी अ‍ॅपवरून गाडी मिळते, पण परत येताना तिथे गाडी नसते. म्हणून जाणाऱ्या चालकालाच थांबण्याचे किंवा ठराविक वेळी परत येण्याचे पैसे ठरवून द्यावेत, अथवा शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी.

गावातले वागणे आणि खरेदी

ही गावे लाकडाची आहेत आणि आग हे त्यांचे सर्वांत मोठे भय आहे. अनेक गावांत रात्री एक माणूस घंटा किंवा थाळा वाजवत, चुली विझवा, आगीला जपा, असे ओरडत फिरतो. मुक्कामी असताना घरात धूम्रपान करू नये, उदबत्ती लावू नये, आणि चार्जर रात्रभर लावून ठेवू नये. दुसऱ्याच्या अंगणातून जाताना ‘नी हाओ’ म्हणावे. बायकांचे आणि मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. वाळत घातलेले चकचकीत निळे-काळे कापड हाताळू नये, कारण निळीत पुन्हा पुन्हा बुडवून, अंड्याचा पांढरा बलक लावून आणि लाकडी हातोड्याने कुटून आणलेली ती चकाकी ओल्या हाताने डागाळते.

भरतकाम घेताना कापड उलटे करून पाहावे. हाताचे असेल तर मागे गाठी आणि असमान धागे दिसतात. यंत्राचे असेल तर मागे एकसारख्या दुसऱ्या धाग्याची रांग दिसते. शिदोंगच्या बायका रेशमाचा एक धागा नखाने चिरून अनेक धागे करतात आणि त्यांनी भरतात. अशा तळहाताएवढ्या तुकड्याला महिने लागतात, म्हणून किंमत ऐकून लगेच निम्मी करून मागणे अन्यायाचे होईल. मेणकाम खरे असेल तर नक्षी दोन्ही बाजूंना उठलेली असते. छापील कापडाची मागची बाजू फिकट असते. ‘मियाओ चांदी’ या नावाने पर्यटकांच्या दुकानांत विकले जाणारे दागिने बहुधा तांबे-निकेलचे मिश्रधातू असतात. खरी चांदी हवी असेल तर ९९० किंवा ९२५ हा शिक्का पाहावा, वजनावर भाव विचारावा आणि पावती घ्यावी. जुन्या वस्तूंबाबत कायदा कडक आहे: १९६६ किंवा त्याआधी बनलेल्या, अल्पसंख्य जनसमूहांच्या प्रातिनिधिक वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. त्यामुळे ‘पणजीचे जाकीट’ म्हणून दाखवलेली वस्तू खोटी असेल तर पैसे वाया जातात आणि खरी असेल तर सीमाशुल्क तपासणीत ती जप्त होऊ शकते. हयात कारागिराचे नवे काम घ्यावे.

परतीच्या सामानात निळीचे कापड वेगळ्या पिशवीत बांधावे, कारण पहिल्या काही धुण्यांपर्यंत त्याचा रंग जातो. आंबट रश्शाच्या बाटल्या विमानाच्या मोठ्या सामानातच द्याव्यात, झाकणाला चिकटपट्टी लावून दोन पिशव्यांत गुंडाळून. आंबवणातला वायू उष्णतेने फुगतो. काइली दक्षिण स्थानकावर गाडीच्या वेळेच्या तासभर आधी पोहोचावे, आणि क्वांगचौच्या विमानाआधी एक मोकळी रात्र राखून ठेवावी, म्हणजे पावसाने घाटातला रस्ता अडला तरी विमान हातचे जात नाही.